तिकिटावरचा सव्वा तास कुठे जातो? – माझा अनुभव

पुढचं विमान वेगळ्या तिकिटावर होतं. पहिल्याला उशीर झाला तर दुसरं थांबणार नव्हतं, म्हणून दोन छोट्या विमानतळांमधला हा टप्पा खरंच किती वेळाचा आहे ते मला नीट पाहायचं होतं. तिकीट म्हणत होतं सव्वा तास. इंटरनेटवर अंतर काढून देणारी पानं चाळीस मिनिटांच्याही आत सांगत होती. शेवटी कागद घेऊन बसलो.

अंतर काढणं सोपं. अक्षांश-रेखांश मात्र शहराचे नाही, विमानतळाचे घ्यायचे. विमानतळ गावाबाहेर बराच लांब असू शकतो आणि छोट्या टप्प्यात तेवढ्यानेही हिशेब हलतो. शिवाय अक्षांश-रेखांशातली 30 मिनिटं म्हणजे 0.5 अंश, 0.30 नव्हे. माझ्या दोन ठिकाणांत अक्षांशाचा फरक 2 अंश, रेखांशाचाही 2. अक्षांशाचा एक अंश साधारण 111 किलोमीटर. रेखांशाचा अंश विषुववृत्तापासून लांब जाऊ तसा आक्रसतो: 20 अक्षांशावर 104-105, तर 60 वर जेमतेम 56. माझी ठिकाणं 20 च्या आसपासची, म्हणजे 222 आणि 209 किलोमीटर, आणि पुढे शाळेतला पायथागोरस. उत्तर सुमारे 305 किलोमीटर, म्हणजे 165 सागरी मैल. लांब पल्ल्याला हे चालणार नाही, तिथे पृथ्वीचा गोलावा धरणारं हॅवरसाइनचं सूत्र हवं.

एटीआर-72 सारखं पंख्याचं विमान वरच्या उंचीवर 270 नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) आसपास, म्हणजे ताशी 500 किलोमीटर वेगाने जातं. भागाकार केला की 37 मिनिटं. ती पानं एवढंच करतात.

पण विमान जागेवरून उडत नाही आणि पूर्ण वेगाने उतरतही नाही. चढताना एटीआरचा वेग 170 नॉटच्या घरात असतो. मग वारा. समोरून 30 नॉटचा असेल तर 37 ची 41 मिनिटं होतात, पाठीमागून असेल तर 33.

खरा उलगडा झाला तो फ्लाइटरडार24 या विमानांचा माग दाखवणाऱ्या साइटवर आधीच्या दिवसांचे मार्ग बघताना. विमान वाऱ्याच्या तोंडाला उडतं, त्यामुळे एके दिवशी ते चक्क उलट्या दिशेने निघालं होतं आणि मोठा वळसा घेऊन वाटेला लागलं होतं. आणि त्या छोट्या विमानतळावर धावपट्टीला समांतर टॅक्सीमार्गच नाही! विमान धावपट्टीवरूनच रांगत पार टोकाला जातं, तिथे जागच्या जागी वळतं आणि मग धावतं. ही सगळी मिनिटं तिकिटात धरलेली असतात, कारण तिथली वेळ उड्डाणाची नसते. विमान जागेवरून हललं तेव्हापासून पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंतची असते. वर थोडी राखीव वेळही कंपन्या ठेवतातच.

जेट असतं तर? एवढ्या टप्प्यात चढून स्थिरावेपर्यंत उतरायची वेळ होते, त्यामुळे फार तर काही मिनिटं वाचतील आणि इंधन मात्र जास्त जाईल. पंख्याची विमानं अशा मार्गांवर टिकून आहेत ती यामुळेच.

शेवटी मी सरासरी बघितलीच नाही. मागच्या काही आठवड्यांतलं सगळ्यात उशिराचं आगमन घेतलं, त्यात सामान घेऊन पुन्हा चेक-इन करायचा वेळ मिळवला, आणि दुपारचं विमान सोडून संध्याकाळचं तिकीट काढलं.