शंभरच्या पुढचा आकडा

"कोड ऑइल प्रेशर सेन्सरचा आलाय ना? मग सेन्सर बदला आणि मशीन सोडा. मीटर घेऊन दोन-दोन तास काय शोधत बसता?"

मशीनच्या वायरिंगमधला बिघाड शोधायला साइटवर गेलो की हा प्रश्न ठरलेला. विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. मशीन उभं आहे, डंपर रांगेत खोळंबलेत आणि स्क्रीनवर भागाचं नावच लिहून आलंय. तरीही मी सेन्सरला लगेच हात लावत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगतो.

अवजड मशीनच्या बहुतेक इंजिनांचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीएम, एसएई जे १९३९ या ठरलेल्या भाषेत बोलतो. त्यात कोडला, म्हणजे स्क्रीनवर येणाऱ्या बिघाडाच्या सूचनेला, दोन आकडे असतात. पहिला एसपीएन. तक्रार कोणत्या मोजमापाची आहे ते तो सांगतो. १०० म्हणजे इंजिन ऑइलचा दाब, १०२ म्हणजे बूस्ट प्रेशर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब), ११० म्हणजे कूलंटचं तापमान. दुसरा एफएमआय, म्हणजे नेमकी तक्रार काय. फोनवर मला सगळे पहिला आकडा सांगतात: "शंभर आलाय." मी विचारतो, "शंभरच्या पुढे काय आहे?" तर तो कुणी पाहिलेलाच नसतो.

आणि सगळी गोष्ट त्या दुसऱ्या आकड्यात आहे. १०० च्या पुढे १ असेल, तर सेन्सरचं रीडिंग ईसीएमला पटलेलं आहे आणि दाब खरोखर धोक्याच्या पातळीपर्यंत खाली गेला आहे असं तो सांगतोय. त्या क्षणी इंजिन बंद करायचं. ऑइलची पातळी पाहायची आणि मेकॅनिकल गेज लावून दाब मोजायचा. अशा वेळी सेन्सर बदलून इंजिन पुन्हा चालवून बघणं म्हणजे क्रँकशाफ्टच्या बेअरिंगशी खेळ आहे, आणि तो मी कुणाला करू देत नाही. पण १०० च्या पुढे ४ असेल तर अर्थ पार बदलतो. सिग्नलचं व्होल्टेजच इतकं खाली आलंय की दाब किती आहे हे ईसीएमला कळतच नाही. त्याची तक्रार ऑइलबद्दल नाही, वायरीवर जे दिसतंय त्याबद्दल आहे. डिपस्टिक मी तेव्हाही पाहतोच, पण हातात व्होल्टेज मोजायचा मीटर घेतो.

ईसीएमला ऑइल दिसत नाही, फक्त व्होल्टेज दिसतं. प्रेशर सेन्सरला साधारणपणे तीन वायरी असतात: एक ५ व्होल्टची, एक अर्थिंगची, एक सिग्नलची. सिग्नल बहुधा अर्ध्या व्होल्टपासून साडेचार व्होल्टपर्यंत फिरतो. त्याच्या बाहेर गेला की ईसीएम ओळखतो, हे कुठल्याही दाबाचं काम नाही, सर्किटमध्ये बिघाड आहे. वर गेला तर ३, खाली गेला तर ४. इंजेक्टर किंवा सोलेनॉइडच्या (विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हच्या) सर्किटमध्ये करंट फारच कमी असला, म्हणजे बहुधा वायर तुटली असली, तर ५. जास्त वाहिला तर ६. यात सेन्सर हा एक संशयित झाला. तीन वायरी, दोन्ही टोकांचे कपलर, म्हणजे वायरी जोडायचे प्लग, आणि खुद्द ईसीएम हे बाकीचे संशयित अजून उभेच आहेत.

एका एक्स्कॅव्हेटरवर मला बोलावलं तेव्हा ऑइल प्रेशरचे दोन नवे सेन्सर लावून झाले होते. इंजिनची ताकद मध्येच पडायची. कोड होता १००, पुढे ४. मी जुन्या नोंदी उघडल्या, तर त्याच तासाला १०२ च्या पुढेही ४ आणि सोबत ३५०९ च्या पुढे ४. ही तिसरी नोंद कुणी वाचलीच नव्हती. ३५०९ म्हणजे सेन्सरना जाणारा ५ व्होल्टचा पुरवठा. एकाच पुरवठ्यावर अनेक सेन्सर जगत असतात. ती वायर कुठेही मशीनच्या लोखंडाला टेकून अर्थ झाली की सगळे एकदम खाली येतात आणि ज्याचं नाव स्क्रीनवर वर दिसतं त्या बिचाऱ्याची बदली होते.

ऑपरेटरला विचारलं, दिवा कधी लागतो? तो म्हणाला, "स्विंग झटक्यात थांबवला की." म्हणजे मशीनचा वरचा भाग फिरताना एकदम थांबला की. ते वाक्य नसतं तर माझा सगळा दिवस गेला असता. सेन्सरचा कपलर काढून ५ व्होल्टच्या पिनवर मीटर लावला: ४.९८. अगदी व्यवस्थित. त्या पुरवठ्यावरचे बाकीचे सेन्सरही एकेक करून सोडवले, म्हणजे दोष एखाद्या सेन्सरचा की हार्नेसचा, म्हणजे वायरींच्या जुडग्याचा, ते वेगळं व्हावं. मग हेल्परला मीटरवर लक्ष ठेवायला सांगून मी हार्नेस वीतभर वीतभर हलवत गेलो. इंजिनच्या मागच्या बाजूला, जिथे तो एका ब्रॅकेटखालून वळतो, तिथे हात लागताच हेल्पर ओरडला, "शून्य!" टेप सोडली. क्लिप तुटलेली होती आणि ब्रॅकेटच्या धारेवर घासून एका वायरीचं आवरण नखाएवढं गेलं होतं. आत तांबं चकचकीत दिसत होतं, घासणं ताजं असल्याची ती खूण. इंजिन माउंटिंगवर डुललं की तांबं ब्रॅकेटला टेकायचं.

तापमानाच्या सेन्सरला तर याहून सोपी परीक्षा आहे. ११० च्या पुढे ४ असेल तर कपलर काढा. कोड ३ झाला, म्हणजे सर्किट मोकळं झाल्याचं ईसीएमला दिसलं, तर वायर आणि ईसीएम बहुधा ठीक आहेत आणि दोष सेन्सरचा. ४ तसाच राहिला तर नवा सेन्सर पिशवीतच राहू द्या.

मीटरही फसवतो. २४ व्होल्टच्या पुरवठ्याच्या वायरीतला एकच तंतू शाबूत असला तरी मीटर २४ दाखवतो, कारण मीटर स्वतः करंट जवळपास घेतच नाही. कपलरमध्ये पाणी शिरून पिनांवर कळंक चढलेला असतो, तिथेही हेच होतं. म्हणून ईसीएमचा कपलर काढून त्याच्या पुरवठ्यावर मी हेडलाइटचा ७० वॅटचा बल्ब लावतो. तो जवळजवळ ३ अँपिअर ओढतो. बल्ब मिणमिणला आणि व्होल्टेज कोसळलं की दोष सापडला. सिग्नलच्या वायरीवर मात्र बल्ब कधीही लावायचा नाही.

असाच दोष कम्युनिकेशनच्या जोडीत, म्हणजे मशीनवरचे कॉम्प्युटर ज्या दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात त्यांत असेल, तर बॅटरी बंद करून कॅन हाय आणि कॅन लो या त्या दोन वायरींमध्ये रोध मोजतो. दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतात, म्हणून ६० च्या आसपास यायला हवेत. १२० आले तर एक टोक सुटलंय.

आणि एक विनंती. मी पोचेपर्यंत कोड मिटवू नका. किती वेळा आला, पहिला कोणत्या तासाला, शेवटचा कोणत्या तासाला, हे सगळं बहुतेक ईसीएमच्या नोंदीत असतं आणि एका बटनात ते पुसलं जातं. फोन कराल तेव्हा दोन्ही आकडे सांगा. सोबत दुसरे कोड असतील तर तेही. आणि दिवा लागला तेव्हा मशीन काय करत होतं, ते ऑपरेटरलाच माझ्याशी बोलू द्या.