दहा दिवस तोंड बंद: धुळ्याच्या विपश्यना शिबिराहून परतल्यावर

पारोळ्याहून निघताना नानांनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, एवढंच विचारलं, "पैसा दिसनी नाचाले गयथा, आते फुकट मुका बसाले चालना का?" (पैसे देऊन नाचायला गेला होतास, आता फुकट मुका बसायला चाललास का?)

टोमणा रास्त होता. दोन वर्षांपूर्वी एका हॉटेलातल्या तीन दिवसांच्या शिबिराला मी १८ हजार भरले होते. कानठळ्या बसवणारी गाणी, उड्या, अनोळखी माणसाच्या गळ्यात पडून रडणं आणि शेवटच्या रात्री निखाऱ्यांवरून चालणं. चाललो, पाय भाजले नाहीत. (लाकडाच्या निखाऱ्यातून उष्णता पायात हळू उतरते आणि पाऊल क्षणभरच टेकतं, हे नंतर कळलं. त्यात माझ्या आत्मविश्वासाचा वाटा फारसा नव्हता.) आठवडाभर दुकानात गिऱ्हाइकाला युरियाच्या गोणीबरोबर प्रेरणाही देत होतो. नवव्या दिवशी पुढच्या लेव्हलसाठी फोन आला, ४५ हजारांचा. तिथे माझी उतरली.

या वेळी विपश्यना, म्हणजे श्वास आणि अंगातल्या संवेदना समतेने, न चिडता न हुरळता, गप्प बसून बघण्याचं ध्यान. सत्यनारायण गोएंका ही पद्धत ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकले आणि १९६९ साली भारतात येऊन शिकवू लागले. मोठं केंद्र इगतपुरीला, पण आपल्या खान्देशात धुळ्याजवळ 'धम्म सरोवर' आहे, तिखी शिवारात. रिक्षावाल्याला डेडरगावचं जलशुद्धीकरण केंद्र सांगा. फॉर्म ऑनलाइन आणि आधीच भरायचा. मानसिक आजार किंवा त्याची औषधं असतील तर फॉर्मवर खरं लिहा, लपवू नका. हे शिबिर प्रत्येकाला झेपणारं नाही. फी नाही. दानही शिबिर पूर्ण केलेल्याचंच घेतात.

सुट्टी मात्र १२ दिवसांची काढा. पहिली दुपार नावनोंदणीत जाते आणि अकराव्या दिवशी सकाळी सुटका. आमच्यासारख्या बी-बियाणं विकणाऱ्यांनी आणि कापूसवाल्यांनी वेचणी आटोपल्यावर जावं. मी जानेवारीत गेलो. धुळ्याची पहाटेची थंडी चेष्टा नाही, शाल आणि कानटोपी हवीच. मोबाईल जमा होतो, म्हणून साधं घड्याळ न्या. घरच्यांना कार्यालयाचा नंबर देऊन ठेवा. तंबाखू-चुन्याची पुडी मात्र घरीच. ज्यांना सवय आहे त्यांनी महिनाभर आधी कमी करावी. मी केली नव्हती, पहिले तीन दिवस डोकं नुसतं ठणकत होतं.

४ वाजता घंटा, ४.३० ला बसायचं. ६.३० ला नाश्ता, ११ ला जेवण, ५ ला चहा, कुरमुरे, फळं, आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत काही नाही. दिवसाला दहा तासांच्या वर बसणं. बोलायचं नाही, खुणाही नाहीत, वाचन-लेखनही नाही. पहिले साडेतीन दिवस फक्त नाकाशी श्वास बघायचा. वाटतं सोपं आहे.

एका रात्री झोप येईना तेव्हा आठवलं, याच धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा रविवारी कैद्यांपुढे गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी ते उतरवून घ्यायचे. त्यांच्या दाराला कुलूप होतं. मला मात्र सकाळी बॅग उचलून पारोळ्याची एसटी धरता आली असती, माझा सगळा त्रास तोच होता.

चौथ्या दिवसापासून 'अधिष्ठान'. दिवसातून तीनदा एकेक तास, हात-पाय न हलवता, डोळे न उघडता. (गुडघे अगदीच गेले असतील तर खुर्ची मागा, लाजू नका.) सहाव्या दिवशी दुपारी, उजवा गुडघा पेटलेला असताना, मी नानांशी झालेलं विहिरीवरच्या मोटरीच्या पाळीचं भांडण डोक्यात पुन्हा लढत होतो. या वेळी जिंकत होतो. तलाठ्यालाही बोलावून झालं होतं. मध्येच लक्षात आलं, दात आवळलेत, डावा कान तव्यासारखा तापलाय, छातीत ठोके. आणि नाना? ते तिकडे ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत असतील. कान नुसता बघत राहिलो. पाच-सात श्वासांत निवला. मग परत तापला, परत निवला. गुडघ्याचंही तसंच. चटका एका जागी ठाम नव्हता, सरकत होता. १८ हजारांत हे कोणी दाखवलं नव्हतं.

दहाव्या दिवशी मौन सुटतं आणि सगळे एकदम बोलतात. मला तो गोंगाटच सोसवेना.

निघाल्यावर धुळे स्टँडवर शेवभाजी खाऊ नका. दहा दिवसांच्या वरण-भातावर काळ्या मसाल्याची तर्री पडली की काय होतं ते पारोळ्यापर्यंत, तासाभराच्या रस्त्यात, मी समतेने बघितलं. दुकानही लगेच उघडू नका, एक दिवस मोकळा ठेवा.

घरी आल्यावर चौथ्याच दिवशी रात्रीची लाइट होती आणि पाळी माझी. विहिरीवर गेलो तर पाणी नानांच्या गव्हात. डावा कान तापला. आता ओळखीचा झालाय. तो निवेपर्यंत बॅटरी बंद करून पाटाशी उभा राहिलो, मग पाणी माझ्या वाफ्याकडे वळवलं. सकाळी नानांना ऐकवायचं ते ऐकवलंच. फक्त या वेळी त्यांचा बाप काढला नाही. तो माझाही होता.