एका वाक्याचा भरवसा

विकिपीडियावर कितपत भरवसा ठेवावा, असे तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. बुलढाणा जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतून येऊन प्रबंधाची तयारी करणारे विद्यार्थी मला नेहमी विचारतात की, विकिपीडियावरील माहिती संशोधनात घ्यावी काय. माझे उत्तर साऱ्या विकिपीडियाबद्दल नसते, तर समोरच्या लेखातील नेमक्या वाक्याबद्दल असते.

आपल्या लोणार सरोवराचे वय कुठे सुमारे ५२ हजार वर्षे, तर कुठे सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे दिलेले आढळते, आणि हे दोन्ही आकडे खऱ्या शोधनिबंधांतले आहेत. पहिला उल्केच्या आघाताने तयार झालेली काच तापवल्यावर निघणाऱ्या प्रकाशावरून काढलेला आहे. दुसरा, २०११ साली प्रसिद्ध झालेला, वितळून पुन्हा घट्ट झालेल्या खडकातील आरगॉन वायूच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून, काढलेला आहे. म्हणून केवळ आकडा उतरवून घेणे पुरेसे नाही. तळटीप उघडून निबंधाचे वर्ष आणि मोजण्याची पद्धत पाहिलीच पाहिजे. वाईहून तयार झालेल्या मराठी विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचे नाव असते, हे मला फार मोलाचे वाटते; तथापि छापील खंडातील ज्ञान त्या खंडाच्या प्रकाशनवर्षापाशीच थांबते.

‘नेचर’ या विज्ञानविषयक साप्ताहिकाने २००५ साली विज्ञानविषयक ४२ नोंदी तपासल्या, तेव्हा विकिपीडियात नोंदीमागे सरासरी चार आणि ब्रिटानिका या इंग्रजी ज्ञानकोशात तीन चुका आढळल्या. ती तपासणी इंग्रजी नोंदींची होती. तिच्या आधारावर मराठीतील एखाद्या गावाच्या दोन ओळींच्या लेखावर विश्वास ठेवता येत नाही. तेथे ‘इतिहास’ आणि ‘चर्चा’ ही पाने उघडून मजकूर कोणी, केव्हा घातला आणि त्यावर कोणी हरकत घेतली, हे पाहावे. विशेष सावधगिरी पाळावी ती वर्तमानपत्राच्या संदर्भाबाबत, कारण जत्रेविषयीचे निराधार वाक्य आधी विकिपीडियावरून पुरवणीत जाते आणि पुढे तीच पुरवणी त्या वाक्याचा पुरावा म्हणून लेखात जोडली जाते. वाक्य आधी आले की बातमी, हे तारखांवरून कळते.

गावाची लोकसंख्या हवी असल्यास २०११ च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका पाहावी. जुन्या वऱ्हाडातील बुलढाण्यासाठी १९१० चे जिल्हा गॅझेटियर, म्हणजे सरकारी माहितीग्रंथ, आहे, मात्र ते इंग्रज अधिकाऱ्यांच्या नजरेतून लिहिलेले आहे, हे वाचताना विसरू नये. एखाद्या घराण्याविषयी लिहायचे असेल, तर तहसीलमधून कोतवाल बुकाची, म्हणजे गावातील जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल काढावी, आणि प्रबंधात त्या नकलेचाच हवाला द्यावा.