चाळिसावं नाव

आमच्या शेजारच्या आजोबांच्या फ्रिजवर वर्षभर एक कागद लावलेला असतो. रेघांचा पिवळा कागद आणि त्यावर पेन्सिलीनं लिहिलेली बेसबॉल खेळाडूंची चाळीस नावं. चार रकाने: चेंडू टाकणारे पिचर, तो झेलणारे कॅचर, मैदानाच्या आतल्या भागातले इनफिल्ड, बाहेरच्या भागातले आउटफिल्ड. प्रत्येक रकान्यातली वरची नावं ठसठशीत, एकदा लिहिली ती लिहिली. तळाकडच्या ओळी मात्र खोडून खोडून इतक्या झिजलेल्या की तिथे कागद दिव्यासमोर धरला तर पलीकडचा उजेड दिसतो.

अमेरिकेतल्या पिट्सबर्गमधली माझी सगळी वर्षं या आजोबांच्या शेजारी गेली. वय सत्तरीच्या पुढे. तरुणपणी पोलादाच्या कारखान्यात होते, तो बंद पडल्यावर शहराच्या बसगाड्या चालवल्या. बेसबॉलचा हंगाम ऑक्टोबरात आटोपतो आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत मैदानावर चिटपाखरू नसतं. बाहेर करडं आभाळ, रस्त्याकडेला मिठानं काळवंडलेला बर्फ, आणि आजोबांच्या स्वयंपाकघरात त्या कागदावरून रोजची हमरीतुमरी. त्यांची नर्स असलेली लेक, एक निवृत्त शाळामास्तर, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर मी. वाद वरच्या नावांचा नसतोच. वाद असतो अडतिसाव्या, एकोणचाळिसाव्या आणि चाळिसाव्या नावाचा.

घरी फोनवर हे सांगितलं की आई विचारते, "अगं, जे खेळणारसुद्धा नाहीत त्यांच्यावरून एवढं काय?" तिला जे दरवेळी तुटक तुटक सांगते, ते आज नीट लिहिते.

इथे प्रत्येक संघाकडे दीड-दोनशे खेळाडू असतात. त्यातले सव्वीस मुख्य संघात. त्यांच्यासह एकूण चाळीस जणांची एक पक्की यादी असते, बाकीचे सगळे खालच्या लीगमध्ये. चाळिसातला आणि चाळिसाबाहेरचा यांत किती अंतर असतं, ते २०२२च्या आकड्यांवरून कळेल. मुख्य संघात किमान पगार वर्षाला सात लाख डॉलर. त्याच्या एकच पायरी खाली, ट्रिपल-ए लीगमध्ये, किमान पगार आठवड्याला सातशे डॉलर, तोही हंगाम चालू असेतोवरच. चाळिसात नाव लागलं म्हणजे मुख्य संघात जागा मिळाली असं नाही, पण दार किलकिलं झालं. कागदाच्या झिजलेल्या ओळींवर कुणाचं तरी घरभाडं, कुणाचं तरी लग्न, कुणाचा तरी बापाला दिलेला शब्द असतो.

शिवाय पिट्सबर्गची आपली एक अडचण आहे. बेसबॉलमध्ये संघाच्या पगारखर्चाला पक्की कमाल मर्यादा नाही. लॉस एंजेलिस, न्यूयॉर्कचे संघ पैसा ओततात. आमच्या पायरेट्सचा, म्हणजे पिट्सबर्गच्या संघाचा, हात आखडता. मोठं नाव इथे क्वचितच येतं. १९९३ पासून सलग वीस हंगाम या संघानं जिंकल्यापेक्षा जास्त सामने हरले. त्यामुळे दुसऱ्यांनी सोडलेल्यांतून, विसरलेल्यांतून कोण उचलायचा, हाच आमच्यासाठी हिवाळ्यातला खरा प्रश्न.

तो २०२२चा नोव्हेंबर मला स्पष्ट आठवतो. संघ १६२ पैकी १०० सामने हरला होता. नोव्हेंबरच्या मध्यावर एक मुदत असते. खालच्या लीगमधल्या ज्या खेळाडूंची ठरावीक वर्षं भरली (अठराव्या वर्षापर्यंत करार झालेल्यांची पाच, त्यानंतर झालेल्यांची चार), त्यांना त्या दिवसापर्यंत चाळिसात घ्यायचं, नाहीतर ते उघड्यावर. डिसेंबरात दुसरा कुठलाही संघ एक लाख डॉलर मोजून त्यांना उचलू शकतो. याला इथे रूल फाइव्ह ड्राफ्ट म्हणतात. उचलणाऱ्यावर अट एकच, पण कडक: त्या पोराला पुढचा अख्खा हंगाम मुख्य संघाच्या सव्विसात ठेवायचं. नाही जमलं, तर आधी बाकीच्या संघांना विचारायचं, आणि कुणी घेतला नाही तर निम्म्या किमतीत मूळ संघाला परत देऊ करायचा.

"हा पोरगा आत्ता ठेवला नाही तर गेला समजा," लेक म्हणाली.

"चेंडू जोरात येतो, पण जागेवर पडत नाही," मास्तर म्हणाले. "त्याच्यासाठी कुणाला काढू?"

"पहिल्या बेसवाल्याला काढा. तिशी उलटली त्याची. ऑप्शनही संपलेत."

ऑप्शन संपले म्हणजे आता त्याला सहजासहजी खाली पाठवता येत नाही. पाठवायचा तर आधी इतर संघांपुढे नाव ठेवावं लागतं, आणि ज्याला हवा तो घेऊन जातो. आजोबा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी कागद खाली काढला, टेबलावर पसरला, तळहातानं सरळ केला आणि त्या पहिल्या बेसवाल्याच्या नावावर बोट ठेवलं. "याला मुलगी झालीय," म्हणाले. "मार्चमध्ये."

कुणी काही बोललं नाही. नाव खोडलं गेलंच, कारण चाळीस म्हणजे चाळीस. पण आजोबांनी खोडरबर फिरवून झाल्यावर कागदावरचा चुरा फुंकला नाही, ओंजळीत गोळा करून टाकला.

संघाचे अधिकारी आणि पत्रकार या खेळाडूंना ‘डेप्थ’ म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही. गोदामातल्या मालाबद्दल बोलावं तसं वाटतं. त्या स्वयंपाकघरात तो शब्द मी एकदाही ऐकला नाही.

पिट्सबर्गकर ही तळाची नावं इतक्या मनावर का घेतात, हे मला रॉबेर्तो क्लेमेंतेची गोष्ट कळली तेव्हा समजलं. १९५४ साली विशीतला हा पोर्तो रिकोचा मुलगा ब्रुकलिन डॉजर्सकडे होता. त्यांनी त्याला खाली माँट्रियलच्या संघात ठेवलं. दुसऱ्यांच्या नजरेस पडू नये म्हणून तिथे त्याला फारसं खेळवलंही नाही, असं सांगतात. पायरेट्सचा माणूस गेला होता एका पिचरला पाहायला, आणि त्याची नजर ठरली या पोरावर. त्या वर्षी पायरेट्स तळाला होते, म्हणून त्या वर्षीच्या रूल फाइव्हमध्ये निवडीचा पहिला मान त्यांचा. २२ नोव्हेंबर १९५४ रोजी चार हजार डॉलरला त्यांनी क्लेमेंतेला उचललं. पुढे १९६० आणि १९७१ची विश्वविजेतेपदं, बरोबर तीन हजार हिट्स (यशस्वी फटके), आणि १९७२च्या शेवटच्या दिवशी निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना विमान कोसळून मृत्यू. आज नदीवरच्या पुलाला त्याचं नाव आहे. मैदानाची उजवीकडची भिंत एकवीस फूट उंच आहे, कारण त्याच्या पाठीवरचा आकडा एकवीस होता. आजोबा आठ वर्षांचे असताना त्यांनी त्याला पहिल्यांदा खेळताना पाहिलं. ते सांगताना त्यांचा आवाज अजून बदलतो.

म्हणजे ज्याच्या नावावर हे शहर जीव टाकतं, तो मोठ्या दरवाजानं आलेलाच नाही. दुसऱ्यांच्या यादीत जागा नव्हती म्हणून आला.

आणि याच दरवाजानं माणसं निघूनही जातात. २००३च्या डिसेंबरात त्या ड्राफ्टमधल्या पहिल्या सहा निवडींपैकी पाच खेळाडू पायरेट्सचे होते. पाच! संघानं त्यांना चाळिसात घेतलंच नव्हतं. त्यांतला एक होजे बाउतिस्ता. २००४ मध्ये तो एका वर्षात चार संघांच्या हातांतून फिरून पुन्हा पिट्सबर्गला आला. २००८ मध्ये त्याला परत सोडलं, टोरांटोला. २०१० मध्ये त्यानं तिथे चोपन्न होमरन मारले, आपल्या षटकारांसारखे. मास्तर हा आकडा उच्चारतच नाहीत, नुसते दोन बोटांनी टेबलावर ठकठक करतात.

मी दादरची. माझे बाबा शिवाजी पार्कच्या कठड्यावर बसून पद्माकर शिवलकरांबद्दल याच आवाजात बोलायचे. प्रथम श्रेणीत ५८९ बळी, १९७२-७३च्या रणजी अंतिम सामन्यात तमिळनाडूचे तेरा गडी, आणि भारताकडून एकही कसोटी नाही, कारण त्याच काळात बिशनसिंग बेदी होते. "दारापर्यंत गेला गं माणूस," बाबा म्हणायचे. मला लहानपणी वाटायचं, जो खेळलाच नाही त्याच्याबद्दल बाबांना एवढं का वाटतं? आजोबांच्या खोडरबराकडे बघताना बाबांचं ते वाक्य किती वेळा आठवलं, सांगता येणार नाही. शिवलकर मार्च २०२५ मध्ये गेले, तेव्हा मी आजोबांना त्यांच्याबद्दल सगळं सांगितलं. त्यांनी नाव दोनदा म्हणून पाहिलं, नीट उच्चार होईपर्यंत.

तर २०२२चा डिसेंबर. सहा तारखेला कॉलेज-शाळांतल्या नव्या खेळाडूंच्या निवडीसाठी पहिल्यांदाच सोडत निघाली आणि पहिला मान पायरेट्सना मिळाला. पुढच्या जुलैत त्यातूनच पॉल स्कीन्स आला, २०२५ मध्ये साय यंग हा पिचरांचा मोठा पुरस्कार जिंकणारा. शहरात जल्लोष होता. सात तारखेला संध्याकाळी मी थालीपिठं घेऊन शेजारी गेले तर कागदावरची एक ओळ कोरी, आणि तिघं त्या कोऱ्या ओळीवर बोलत होते. आदल्या वर्षी मालक आणि खेळाडू-संघटनेच्या वादात रूल फाइव्हचा मुख्य टप्पा झालाच नव्हता, त्यामुळे दोन वर्षांची उत्सुकता साठलेली. चाळीस भरलेले असतील तर कुणाला घेता येत नाही, म्हणून ती जागा राखलेली. मला विचारलं, "पोरी, तू कुणाला घेतलं असतंस?" मी म्हटलं, डावखुरा पिचर. आपल्याकडे कमी आहेत.

थोड्याच वेळात निवड कळली. होजे हर्नांडेझ, डावखुरा पिचर, डॉमिनिकन रिपब्लिकचा. कुणाकडून? डॉजर्सकडून. आजोबा खुर्चीतून उठले. "डॉजर्सकडून!" ते दोनदा म्हणाले. हा पुढचा क्लेमेंते नाही, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. तरी उठले.

कागदाच्या समासातही नावं असतात, अगदी बारीक. चाळिसाबाहेरचे, खालच्या लीगचा करार असलेले. तिथेच मी ड्रू मॅगीचं नाव पाहिलं होतं. २०१० मध्ये पायरेट्सनीच निवडलेला, नंतर संघामागून संघ हिंडलेला. २०२१ मध्ये मिनेसोटानं वर बोलावलं, पण एकही चेंडू खेळायला दिला नाही. २६ एप्रिल २०२३ रोजी एक मुख्य खेळाडू घरच्या दुःखामुळे रजेवर असताना हा तेहतीस वर्षांचा माणूस पिट्सबर्गच्या मैदानावर बॅट घेऊन बाहेर आला. खालच्या लीगमध्ये तेरा हंगाम, साडेअकराशेच्या वर सामने, आणि आज पहिला. आम्ही चौघं तिथे होतो. अख्खं मैदान उभं राहून त्याचं नाव घेत होतं. त्यानं डोळे पुसल्यासारखं केलं, आणि मग तो बाद झाला. टाळ्या थांबल्या नाहीत. मला बाबा तिथे हवे होते.

हर्नांडेझनं त्या हंगामात कधी चांगले चेंडू टाकले, कधी मार खाल्ला. जूनमध्ये मास्तर म्हणाले, परत पाठवतील. लेक म्हणाली, पाठवू नयेत. वाद तसाच, फक्त आता अंगणात, लिंबाच्या सरबतावर. पाठवलं नाही. हंगाम संपला आणि अट पुरी झाली, आता तो खराच आमचा.

ऑक्टोबरात मी त्यांच्याकडे गेले तेव्हा आजोबा टेबलाशी चष्मा लावून बसले होते. कागद समोर होता. पेन्सिलीनं लिहिलेल्या त्या नावावरून ते सावकाश, एकेक अक्षर, निळ्या शाईचं पेन फिरवत होते.