रात्री किती असतं?

इंदूरच्या माणसाला जोधपूरची नोकरी चालून आली, की घरातला पहिला प्रश्न ठरलेला: ‘तिथे किती असतं हो?’ किती म्हणजे पारा. मग कोणीतरी मोबाइल काढतं, मे महिन्याचा आकडा मोठ्यानं वाचतं, आणि गंमत म्हणजे तो ऐकून फारसं कोणी दचकत नाही. जोधपूरचं मे महिन्याचं सरासरी कमाल तापमान ४१-४२ अंशांच्या घरात, इंदूरचं ४० च्या आसपास. दीड-दोन अंशांनी काय होतंय, भिया! फलोदीचं नाव निघालं तर तेवढी क्षणभर शांतता पसरते. १९ मे २०१६ ला तिथे ५१ अंशांची नोंद झाली होती. पण फलोदी जोधपूरपासून चांगलं सव्वाशे-दीडशे किलोमीटर लांब, असं कोणीतरी समजूतदारपणे सांगतं आणि चहा पुढे येतो.

दुपारचा आकडा या सगळ्या व्यवहारात सर्वांत कमी कामाचा. दुपारी दोनला इंदूरच्या रामबागेतला माणूसही पडदे ओढून आडवाच झालेला असतो. विचारायचं असेल तर एवढंच विचारावं, की रात्री किती असतं?

बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र अशी जुनी वाटणी आहे. शब-ए-मालवा हे काही नुसतं शायरांचं लाडिक बोलणं नाही. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, पठारावर बसलेलं. मे महिन्यातही नऊ-दहा वाजले की वारा सुटतो आणि पहाटे पारा २४-२५ पर्यंत उतरतो. ऐन उन्हाळ्यात रात्री बारा वाजता सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, भुट्ट्याचा कीस खायला जी गर्दी उसळते, तिच्यात त्या वाऱ्याचा निम्मा वाटा आहे. जोधपूरची मे महिन्यातली पहाट सरासरीनं २७ च्या आसपास. हा फरकही फार वाटत नाही, पण किमान तापमान म्हणजे पहाटे साडेपाचचं, माणूस झोपतो दहाला. तेव्हा तिथे दिवसभर तापलेलं शहर नुकतं कुठे उष्णता ओकायला लागलेलं असतं.

दगड. जोधपूर समजून घ्यायचं तर दगडापासून सुरुवात करावी लागते. जुन्या शहरातली घरं तिथल्याच वालुकाश्माची, भिंती हात-दीड हात जाड, वरचं छतसुद्धा दगडी पट्ट्यांचं. अशा भिंतीत बाहेरचं ऊन आतपर्यंत झिरपायला आठ-दहा तास तरी घेतं. भर दुपारी आत शिरावं तर गाभाऱ्यात शिरल्यासारखं वाटतं, आणि तीच भिंत रात्री नऊनंतर दिवसाचा हिशेब चुकता करू लागते. तिथल्या लोकांनी त्यावर शेकडो वर्षांपूर्वी तोड काढली: दिवसा खोली, रात्री डागळा. डागळा म्हणजे गच्ची. तिथे माठ, पाणी शिंपडलेली फरशी आणि ओळीनं खाटा. घराचं अर्धं शीतकरण डागळ्यावर होत असे. बदली होऊन येणारा माणूस सहसा फ्लॅट घेतो, म्हणजे जाड भिंत नाही आणि डागळाही नाही. नऊ इंची विटेची भिंत, वर काँक्रीटचा स्लॅब. ऊन पाच-सहा तासांत आत, म्हणजे बरोबर संध्याकाळी, कामावरून दमून यायच्या वेळेला.

म्हणून घर बघायला सकाळी जाऊ नये. सकाळी सगळीच घरं छान असतात. संध्याकाळी सहाला जावं, पश्चिमेच्या भिंतीला आतून तळहात लावावा. परत रात्री दहाला जाऊन त्याच जागी लावावा. दहालाही भिंत कपाळावर ताप असल्यासारखी लागली, तर तिच्याकडेला पलंग लावता येणार नाही आणि खोली चार फुटांनी लहान झाली असं समजावं. वरचा मजला असेल तर स्टुलावर चढून छतालाही हात लावून बघावा. घरमालक चमत्कारिक नजरेनं बघेल, बघू द्यावं. वरच्या मजल्याचं भाडं कमी असतं ते काही जिने चढावे लागतात म्हणून नव्हे.

तोच मजला पदरी पडला तर गच्चीला चुना हा स्वस्त आणि खरा उपाय. कळीचा चुना रात्रभर भिजवायचा, गाळायचा, थोडा डिंक मिसळायचा आणि एप्रिल लागायच्या आत दोन-तीन हात मारायचे. एका पावसाळ्यात तो धुऊन जातो, म्हणजे काम दरवर्षीचं. मधेच आंधी, म्हणजे धुळीचं वादळ, येऊन गेली की पांढऱ्याचं मळकट होतं आणि मळकं छत ऊन परत पाठवत नाही. तेव्हा झाडू मारायलाच हवा.

आता कूलर. वाळवंट कूलरवर निघतं, आणि निघत नाही तेव्हा दोष बहुधा वाळवंटाचा नसतो. पाणी हवेत उडून जाताना हवेतली उष्णता सोबत नेतं. वीजबिलाच्या भाषेत सांगायचं तर एक लिटर पाणी उडालं की जवळजवळ पाऊण युनिट उष्णता गेली. हवा जितकी कोरडी तितकं ते झपाट्यानं उडतं. ४२ अंश आणि हवेत आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या फडक्यानं गुंडाळलेला थर्मामीटर २२ च्या आसपास थांबतो. कूलरची धाव तिथपर्यंत. चांगल्या हनीकोंब (मधाच्या पोळ्यासारख्या जाळीच्या) पॅडचा कूलर २६ ची हवा देतो, गेल्या वर्षीच्या दबलेल्या घासेच्या पॅडचा २९-३० ची. म्हणजे मे महिन्यात जोधपूरला दीड-दोनशे वॉटचा कूलर जे काम करतो, त्याला मुंबईत दहापट वीज खाणारा एसी लागेल. तोच कूलर ऑगस्टमध्ये लावून बघावा: बाहेर ३३ अंश, आर्द्रता ७० टक्के, तर आतली हवा २९ च्या खाली उतरत नाही आणि वर अंगाला चिकचिक. बाहेरगावचे लोक मे महिन्याच्या धास्तीनं एसी घेतात. खरी गरज त्याची पडते मध्य जुलै ते मध्य सप्टेंबर, पाऊस झालेला असतो किंवा नुसताच घुटमळत असतो तेव्हा.

एसी घेतलाच तर एक गोष्ट लक्षात असू द्यावी: दीड टन हा आकडा बाहेर ३५ अंश धरून काढलेला असतो. ४५ ला तो दीड टन राहत नाही. बाहेरचं युनिट उत्तरेला किंवा पूर्वेला, सावलीत आणि मागे हवा खेळेल असं बसवावं. आंधीनंतर त्याच्या जाळीत धूळ गच्च बसते. वीज बंद करून साध्या पाण्याच्या धारेनं धुतलं की पुरतं.

इंदूरचा माणूस कूलरशी अपरिचित नसतो, तरी त्याची एक खोड मोडावी लागते. कूलर लावून खिडक्या गच्च बंद करायच्या! मोठा कूलर तासाला ३००० घनमीटर हवा आत ढकलतो; बारा बाय बाराच्या खोलीतली सगळी हवा मिनिटाभरात बदलते. आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट नसेल तर खोली काही वेळातच वाफाळते. समोरची खिडकी वितभर उघडी हवी आणि कूलर खोलीत नको, खिडकीबाहेर हवा, सावलीत. आत ठेवलेला कूलर आपलीच ओली हवा परत परत ओढत बसतो.

असा कूलर तासाला १५ ते २० लिटर पाणी हवेत उडवतो. उडतं ते निव्वळ पाणी, क्षार टाकीतच राहतात. पाण्याचा टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेल्या क्षारांचे मिलिग्रॅम, ५०० असेल आणि दिवसाला १५० लिटर उडालं, तर ७५ ग्रॅम क्षार मागे. बोअरचं १५०० टीडीएसचं असेल तर जवळपास पावशेर, रोज! आठवड्याभरात पॅडवर पांढरी खरपुडी, पंधरवड्यात भोकं बुजलेली, पाठोपाठ पंप अडकलेला. आणि मग ‘कूलर पहिल्यासारखा गार करत नाही’ ही तक्रार. दोन-तीन दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करायची, तळ पुसायचा, नवं पाणी भरायचं, एवढाच इलाज. काढलेल्या पाण्यानं फरशी पुसावी. तुळशीला घालू नये, तिला तो खारटपणा मानवत नाही.

इथून विषय आपोआप पाण्यावर येतो. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर धरायची सरकारी रीत आहे. त्या हिशेबानं दहा तास चालणारा एक कूलर म्हणजे घरात एक माणूस जास्त, दोन कूलर म्हणजे उन्हाळाभर मुक्कामाला आलेलं जोडपं. चौघांच्या घराला एक कूलर धरून रोज सातशे लिटरच्या आसपास लागतं. पाणी एक दिवसाआड आलं तर चौदाशे, आणि एखादी पाळी चुकली तर? दोन हजार लिटरच्या खालची साठवण असलेलं घर मे महिन्यात भांडणं लावतं. गच्चीवरची काळी टाकी दुपारी नुसती उकळते, म्हणून आंघोळीच्या बादल्या पहाटेच भरून न्हाणीघरात ठेवतात. संध्याकाळपर्यंत त्या निवांत झालेल्या असतात.

‘डग डग रोटी, पग पग नीर’ म्हणणाऱ्या माळव्यातल्या माणसानं या बाबतीत नाक वर करू नये. इंदूरचं नीर मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सत्तर किलोमीटरवरून घाट चढून येतं. जोधपूरचं त्याहून लांबून: सतलज-बियासचं पाणी पंजाबातल्या हरिकेहून इंदिरा गांधी कालव्यानं निघतं आणि पुढे पंपांनी उचललं जातं. पाणी गोड आहे. पण उन्हाळ्याच्या तोंडावर कालव्याच्या दुरुस्तीसाठी ‘नहरबंदी’ होते, आणि त्या दिवसांत शहर कायलाना-तखतसागर तलावांच्या साठ्यावर जगतं. मग टँकर येतात. टँकरचं किंवा बोअरचं पाणी प्यायचं असेल तर काहीशे रुपयांचं टीडीएस मीटर जवळ ठेवावं: ५०० पर्यंत उत्तम, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. फ्लोराइड मात्र त्या मीटरला कळत नाही. मारवाडच्या भूजलात ते बऱ्याच ठिकाणी आहे, आणि पाणी उकळल्यानं ते जात नाही, उलट आटून दाट होतं. त्यासाठी तपासणी आणि आरओ.

एक विरोधाभासही सांगायलाच हवा. कालव्याचं पाणी आल्यापासून जुन्या बावड्या आणि विहिरी वापरातून गेल्या, त्यांतलं पाणी कोणी उपसेना, भूजल वर चढलं. परिणामी जुन्या जोधपुरात कितीतरी तळघरांत पाणी झिरपतं. वाळवंटात घर घेताना तळघराची ओल तपासायची, हे इंदूरला कोणी सांगितलं तर खोटं वाटेल.

सामानात लाकूड असेल तर त्याची वेगळी चिंता. इंदूरच्या पावसाळ्यात फुगून अडकणारी कपाटाची दारं तिथे आक्रसतात, सांधे बोलायला लागतात. तबल्याची शाई-पुडी कोरड्या हवेत ताणली जाऊन स्वर चढतो, आणि तंबोऱ्याच्या भोपळ्याला तडा जायची भीती असते. वाद्यं कूलरच्या झोतातही ठेवू नयेत आणि पश्चिमेच्या भिंतीलाही टेकवू नयेत; दिवसभर कोरडं आणि रात्री ओलं हा खेळ त्यांना कायमच्या कोरडेपणापेक्षा वाईट. अंगाचंही तसंच. घाम येतो पण दिसत नाही, आल्या आल्या उडून जातो, म्हणून ‘इथे घामच येत नाही’ असं म्हणत माणसं बिनपाण्याची फिरतात आणि तिसऱ्या दिवशी डोकं धरून बसतात. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण फ्रिजवर चिकटवून ठेवावं. पोरांचा घोळणा फुटतो. नाकात खोबरेल तेलाचं बोट फिरवलं की बरंचसं निभावतं.

स्वयंपाकघराला मात्र ही हवा मानवते. माठाचं पाणी असं गार होतं की फ्रिजची आठवण येऊ नये. दही तीन-चार तासांत लागतं (आणि विसरलं तर संध्याकाळपर्यंत आंबट ढाण). वाळवणाचं तर सुख विचारू नका: कुरडया एका दिवसात खडखडीत, ढग आले म्हणून गच्चीवर धावाधाव नाही. उडदाचे पापड लाटताना तेवढ्या लाट्या ओल्या फडक्याखाली ठेवाव्या लागतात, नाहीतर कडा फाटतात. नावांच्या घोटाळ्याची सवय करून घ्यावी. इंदूरला राबडी म्हणजे आटवलेलं गोड दूध. मारवाडात उन्हाळ्यात कोणी राबडी पुढे केली तर ती ताकात शिजवलेली बाजरी असते, आंबटसर, थंड. पहिल्या घोटाला चेहरा पडतो, जून संपेपर्यंत रोज लागते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी जोधपूर इतकं सुरेख असतं की बहुतेक चुकीचे निर्णय त्याच काळात होतात. निळं आकाश, कोवळं ऊन, मेहरानगड, गरम मिर्चीवडा. माणूस तिथल्या तिथे होकार देऊन मोकळा होतो. राजस्थानी दोहा आहे: ‘सियाळो खाटू भलो, उनाळो अजमेर, नागाणो नित रो भलो, सावण बीकानेर.’ हिवाळा, उन्हाळा, पावसाळा आणि बारमाही, सगळ्यांची सोय लावली, पण त्यात जोधपूर कुठेच नाही!

तेव्हा बघायला जायचंच तर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जावं. इंदूरला तोवर ढग दिसायला लागलेले असतात, तिकडे पाऊस पोहोचायला जुलै उजाडतो; तीन-चार आठवड्यांचा हा जास्तीचा उन्हाळा मे महिन्याच्या सरासरीत दिसत नाही. रणथंभोर एक्सप्रेस इंदूरहून सकाळी निघते आणि जोधपूरला रात्री उतरवते, म्हणजे मूळ प्रश्नाचं उत्तर फलाटावर पाय ठेवताच मिळतं. घरमालकाला भाडं विचारायच्या आधी जून महिन्याचं वीजबिल मागावं, आणि करार अकरा महिन्यांचाच करावा. जायचं ठरलं तर अवजड कपाटं इथेच राहू द्यावीत. पोहे तिथे मिळतात; भिजवून निथळायला ठेवले की झाकावे लागतात, नाहीतर वरचा थर कडक होतो. पोह्यांवर भुरभुरायचा मसाला, जिरावन, तेवढं इथून न्यावं, किलोभर खुशाल न्यावं. इंदूरला ऑगस्टात त्याचा डब्यात गोळा होतो, तिथे वर्षभर मोकळं राहतं.