विचारायला कोणीतरी हवे

१९८५ साली मी आपल्या शाळेतून एसएससी झाले आणि १९९० साली बी.कॉम. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हीरक महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहा, असा शाळेचा निरोप आला, तेव्हा वाटले, स्नेहसंमेलनांवर आणि सहलींवर इतर जण लिहितीलच. ज्या कागदांपायी माझे कॉलेज राहून जायची वेळ आली होती, त्यांच्याविषयी मी लिहावे.

बाबा डिचोली तालुक्यातल्या एका लोहखनिजाच्या खाणीवर कंत्राटदाराकडे कामाला होते. त्यांचे बालपण पोर्तुगीज अमलात गेले, शाळा त्यांच्या वाट्याला आलीच नाही. आईही अंगठा उठवायची. गोवा मुक्त झाल्यावर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, म्हणून आमच्या वाड्यावरची मुले पाटी घेऊन बसू लागली. गरिबी होतीच, पण ती ओळखीची होती. तिच्यात घर कसे चालवायचे हे आईला पुरते ठाऊक होते. कॉलेज म्हणजे काय, तिथे शिरायचे कसे, कुणाला विचारायचे, हे मात्र घरात कुणालाच सांगता येत नव्हते.

जून १९८७. नुकताच, ३० मे रोजी गोवा घटक राज्य झाला होता आणि सगळीकडे त्याचीच चर्चा. आमच्या घरात चर्चा होती ती दाखल्यांची. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, शाळा सोडल्याचा दाखला. माझ्या जन्मनोंदीत बाबांचे नाव एक होते आणि शाळेच्या रजिस्टरात त्यांना घरी हाक मारायचे ते दुसरेच. अर्जावर ‘वार्षिक उत्पन्न’ असा रकाना होता. बाबांना आठवड्याची मजुरी सांगता येई, वर्षाची कशी सांगणार? पाऊस लागला की खाणीच्या खंदकात पाणी भरायचे, माल भरणे थांबायचे आणि मजुरीही. नेमकी त्याच महिन्यात कॉलेजची फी भरायची असे. पैसा नसण्यापेक्षाही तो नेमका जूनमध्ये नसणे, हीच आमची खरी अडचण होती. फीच्या तारखा ठरवणाऱ्यांच्या ते ध्यानात आले असेल, असे मला अजूनही वाटत नाही.

बारावी मी दुसरीकडे केली होती, तरी कागदांची पिशवी घेऊन आले ती आपल्याच शाळेत. दहावीचे आमचे वर्गशिक्षक आणि कार्यालयातले हेडक्लार्क दोघे एका बाकावर बसले आणि एकेक कागद वेगळा काढत गेले. नावाच्या फरकासाठी प्रतिज्ञापत्र कसे करायचे, मामलेदार कचेरीत कोणत्या टेबलावर जायचे, हे त्यांनी मला लिहून दिले. खाण कामगारांच्या मुलांना कामगार कल्याण निधीतून शिष्यवृत्ती मिळते, हेही मला त्या दिवशीच कळले. बाबा कितीतरी वर्षे खाणीवर राबत होते आणि त्यांना हे कुणी सांगितलेच नव्हते! कामाचा दाखला द्यायला कंत्राटदार काचकूच करत राहिला. शेवटी सर स्वतः बाबांबरोबर गेले, तेव्हा सही मिळाली.

कॉलेज पणजीत. तिथे जायचे म्हणजे म्हापशावरून बेतीपर्यंत बस आणि पुढे फेरीबोट. मांडवीचा पूल जुलै १९८६ मध्ये कोसळला होता आणि नवा झाला तो १९९२ साली, म्हणजे माझे सगळे कॉलेज फेरीबोटीवरच झाले. आमच्या आधीच्या विद्यार्थ्यांनी आंदोलन करून बसभाड्यात ५० टक्के सवलत मिळवली होती. ती नसती, तर मी हे लिहायला इथे नसते. त्या मुलामुलींचे ऋण मी मानते.

शाळेत पुस्तक इंग्रजी असले तरी समजावणे कोकणी-मराठीत असे. पणजीत समजावणेही इंग्रजीत. मला सगळ्यांत जड गेले ते आजूबाजूच्या मुलींना सगळे आधीच ठाऊक असणे. एटीकेटी म्हणजे काय, कोणत्या सरांच्या नोट्स कुठे मिळतात, फीमाफीचा अर्ज कधी लावतात, हे त्यांच्या घरी जेवताना बोलले जायचे. तास आणि बस यांच्यामधला वेळ मी मिनेझिस ब्रागांझाच्या इमारतीतल्या सेंट्रल लायब्ररीत काढी. तिथे बसायला पैसे पडत नसत आणि तू कोण, कुठली, असे कुणी विचारत नसे.

घरी पोचेपर्यंत अंधार पडायचा. मुलगी रात्रीची येते, असे वाड्यावर बोलले जाई. आई कुणाला उत्तर देत बसली नाही, ती तिठ्यावर येऊन उभी राहायची. बाबा रोज एकच विचारत, ‘बस मेळ्ळी?’ कॉलेजातले विचारता येण्याजोगे त्यांच्याजवळ तेवढेच होते. सुरुवातीला मी नुसते हो म्हणून आत जाई. पुढे मी त्यांना सांगू लागले, आज ताळेबंद शिकवला, आज घसारा शिकवला. यंत्र दरवर्षी झिजते, त्याची किंमत वहीत कशी कमी करत जातात, हे ऐकल्यावर खाणीवरच्या कोणत्या यंत्राचे काय झाले आहे, ते बाबा मला सांगत बसले. तो धडा मला पुस्तकाहून त्यांच्याकडून अधिक कळला.

धाकटा भाऊ दहावीनंतर खनिजाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून गेला. बी.कॉम. होऊन किती मिळणार आणि ट्रकवर किती मिळतात, असे लोक विचारत, आणि त्या काळी तो हिशेब खराच होता. २०१२ साली खाणी बंद पडल्या, तेव्हा अंगणात उभ्या राहिलेल्या ट्रकांनी तो बदलला. मी शिकले त्यात भावाच्या मजुरीचाही वाटा आहे. हे मी त्याला तोंडावर सांगितले आहे, इथेही लिहून ठेवते.

आता अर्ज मोबाइलवर भरतात. पण मोबाइल काही विचारले तर समजावून सांगत नाही, आणि घरात पहिलाच कॉलेजला निघालेला मुलगा आजही आपल्या वर्गांत आहे. दाखल्यातले नाव आजही जुळत नाही. शिष्यवृत्तीची मुदत आजही कुणाच्या तरी लक्षात न येता संपून जाते. म्हणून बारावीचा निकाल लागल्यावर दर शनिवारी सकाळी शाळेच्या वाचनालयात काही माजी विद्यार्थ्यांनी बसावे, असे मी मुख्याध्यापकांना सुचवले आहे आणि त्यांनी ते मान्य केले आहे. बारावी कुठेही केलेली असो, मुलांनी कागद घेऊन इथे यावे, आईवडिलांनाही बरोबर आणावे. मी सरकारी लेखा विभागात आहे, पैशांचे अर्ज मी बघेन. मामलेदार कचेरीत, बँकेत किंवा कॉलेजच्या कार्यालयात काम केलेल्या माजी विद्यार्थ्यांनी आपली नावे शाळेच्या कार्यालयात द्यावीत. प्रतिज्ञापत्रांसाठी एक वकील मिळाला, तर फार बरे होईल.