रोजनिशी : दोन संगणक, एक संग्रह

जळगाव, श्रावणातील रविवार

खानदेशातील देवी कानबाईच्या गाण्यांचा माझा संग्रह आता लॅपटॉप आणि डेस्कटॉप अशा दोन ठिकाणी वाढतो आहे. अमळनेर तालुक्यात मावशीकडे गेले की तिच्या आणि शेजारच्या बायकांच्या तोंडून ऐकलेली गाणी लॅपटॉपवर उतरतात, आणि घरी ती पुन्हा पुन्हा ऐकून अहिराणी शब्दांचे टिपण मी डेस्कटॉपवर करते. दोन्हींवर लिनक्स ही संगणकप्रणाली आहे. दोन्हींवर सदैव तोच संग्रह असावा, एवढीच माझी अपेक्षा आहे.

आजवर मी आरसिंकवर विसंबून होते. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी 1996 मध्ये प्रसिद्ध केलेला हा प्रोग्रॅम नेटवर्कवरून फाइल पाठवताना बदललेला भागच पाठवतो, त्यामुळे लांबलचक ध्वनिमुद्रणाच्या फाइलमध्ये थोडासा बदल झाला तरी सगळी फाइल पुन्हा जात नाही. मात्र तो एकाच दिशेने चालतो, आणि मला दोन्ही दिशा हव्या आहेत. दोन्हीकडून आळीपाळीने चालवला तरी एक पेच उरतोच : एखादी फाइल डेस्कटॉपवर आहे आणि लॅपटॉपवर नाही, तर ती लॅपटॉपवर मुद्दाम पुसली गेली, की डेस्कटॉपवर नव्यानेच तयार झाली? दोन्ही फोल्डरांकडे आज कितीही निरखून पाहिले तरी याचे उत्तर मिळत नाही. त्यासाठी मागच्या मेळाच्या वेळी, म्हणजे दोन्हीकडचा संग्रह सारखा केला तेव्हा, दोन्हीकडे काय होते याची नोंद लागते. आरसिंक अशी नोंद ठेवत नाही. दोन्ही दिशांनी मेळ घालणारे युनिसन आणि सिंकथिंग हे प्रोग्रॅम ती ठेवतात. मला हा भेद वेगापेक्षा फार महत्त्वाचा वाटतो.

म्हणून आज सिंकथिंग बसवले. घरच्या वाय-फायवर दोन्ही संगणक एकमेकांना आपोआप शोधतात, मध्ये कोणाचा सर्व्हर लागत नाही आणि इंटरनेट बंद असले तरी काम अडत नाही. येणारी फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहिली जाते आणि पूर्ण झाल्यावरच तिला खरे नाव मिळते. वीज केव्हाही जाणाऱ्या आमच्या भागात ही काळजी मोलाची आहे. एकच टिपण दोन्हीकडे बदलले गेले, तर एक प्रत ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ असे नाव लावून बाजूला ठेवली जाते. कोणता शब्दार्थ खरा हे प्रोग्रॅमने ठरवू नये, ते मी ठरवावे, हेच योग्य आहे.

तरीही हा बॅकअप नव्हे, कारण लॅपटॉपवर पुसलेले गाणे डेस्कटॉपवरूनही जाईल. यासाठी डेस्कटॉपवर जुन्या आवृत्त्या राखण्याची सोय चालू केली आहे. ती दुसऱ्या संगणकाकडून आलेले बदल आणि पुसणेच सांभाळते, डेस्कटॉपवर मी स्वतः पुसलेले मात्र ती सांभाळत नाही. त्यामुळे बाहेरच्या हार्ड डिस्कवर आरसिंकने प्रत घेणे मी सोडणार नाही, आणि तेथे ‘डिलीट’चा, म्हणजे मुळात पुसलेले प्रतीतूनही पुसण्याचा, पर्याय लावणार नाही. एकदा गाऊन झालेले गाणे मावशी पुन्हा त्याच शब्दांत गाईलच असे नाही.

दोन्ही संगणक एकाच वेळी चालू असल्याशिवाय मेळ होत नाही. म्हणून गावाहून परतल्यावर लॅपटॉप घरच्या वाय-फायवर, ‘अप टू डेट’ असे दिसेपर्यंत, चालूच ठेवायचा असे ठरवले आहे.